पत्रावळींचा राब

सत्तरचे दशक संपत आले होते तेव्हाच्या एका एप्रिलमधली ही घटना आहे. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी पळसदरी स्टेशनपासून पाऊण तासाच्या चालीवर, भात निघून मोकळ्या झालेल्या शेतात, मुंबईच्या चार रॉक बँडचा उघड्यावरचा कार्यक्रम झाला. ऐकायला आलेले बरेच जण रात्री तिथेच राहिले. सकाळी समजले की आम्ही तीसेक जण एका बाईच्या राबावर झोपलो होतो, आणि झोपण्यापूर्वी त्यातला बराचसा शेकोटीत घातला होता. पहिली जुडी मी उचलली होती.

भाताची रोपे ज्या तुकड्यात वाढवायची तो तुकडा पावसाआधी भाजून घेतात. त्यासाठी त्यावर शेण, फांद्या, पाला, गवत असे थर पसरतात. तो राब. आज हे असे लिहिता येते. त्या शनिवारी मला कोणी विचारले असते तर सांगता आले नसते.

मी बावीस वर्षांची होते आणि मुंबईतल्या एका मराठी दैनिकात उमेदवारी करत होते. काय झाले ते आधी लिहावे, कसे वाटले ते कोणी विचारलेले नाही, हा तिथला पहिला धडा. बरोबर कॉलेजातली एक मैत्रीण होती. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. दिवसभर इतरांचे आवाज जोडून देऊन तिचे कान थकत, तरी गाण्यासाठी ती कुठेही येई. दोघींनी घरी माथेरानला जातो असे सांगितले होते. शेतात पोचल्यावर पश्चिमेला माथेरानचा डोंगर दिसला, तेव्हा ती म्हणाली, "बघ, अगदीच काही खोटं बोललो नाही."

कर्जतला गाडी बदलून पळसदरीला उतरलो तेव्हा चार वाजले होते. वाटेत पुढे-मागे आमच्यासारखेच लोक होते. कोणाच्या खांद्यावर वळकटी, कोणाच्या गळ्यात गिटार, एकाच्या हातात आईने दिलेला पितळी डबा. ऊन अजून चटके देत होते. वाटेच्या दोन्ही अंगांची झाडे ओकीबोकी होती. काहींच्या फांद्या छाटलेल्या होत्या, अशा की नुसते खोड आणि वर चार-दोन बोटे उरावीत. हे मी वहीत लिहून घेतले: झाडे छाटलेली. का, ते लिहिले नाही. विचारलेच नव्हते.

शेताच्या खालच्या अंगाला दोन टेंपो पाठीला पाठ लावून उभे केले होते आणि त्यांच्या फळ्या पाडल्या होत्या. ते स्टेज. जनरेटर, रंगीत दिव्यांच्या माळा, कर्णे आणि आचारी हे सारे कर्जतच्या एका लग्नाचे मांडव घालणाऱ्याकडून आले होते. त्यामुळे गिटारवाल्यांच्या डोक्यावर लग्नाची कमान होती आणि तिच्यावरचे 'सुस्वागतम्' काढायचे राहून गेले होते. बसायला जमिनीवर पेंढा पसरला होता. दिवस मावळायच्या आधीच जेवण वाढले: वरणभात, बटाट्याची भाजी, पळसाच्या पत्रावळीवर. लांब केसांची, रंगीत शर्टांची मुले लग्नाच्या पंगतीसारखी ओळीने मांडी घालून बसली. आचारी सवयीने प्रत्येकाला "सावकाश होऊ द्या" म्हणत होता.

गावातल्या काही बाया बांधावर येऊन बसल्या होत्या. आमच्या सर्वांत जवळ दोघी होत्या, एक पन्नाशीची, दुसरी तिच्याहून थोडी लहान. त्या जावाजावा होत्या आणि थोरली त्या शेताची मालकीण होती, हे दुसऱ्या दिवशी कळले. पहिला बँड सुरू झाला तशी धाकटीने पदर कानांवर ओढला.

"ह्यो गातोय का रडतोय गं?"

"गातोय. रडताना कोन असा नाचंल?"

"माझा भाव नाचला होता तसा. गांधीलमाशी चावली तवा."

"गप. आईक आता. एवढ्या लांबनं आल्यात लेकरं."

त्या तासभर बसल्या. अंधार पडू लागला तशा उठून गेल्या. जाताना थोरलीने वरच्या अंगाच्या खाचरांकडे एकदा पाहिले आणि बांधावर उभ्या असलेल्या तरुणाला काही विचारले. तो तिचा मुलगा. त्याने मान हलवली. त्यानंतर ती गेली.

गाणी इंग्रजी होती. कुठले गाणे कुठल्या बँडने म्हटले याची यादी माझ्या वहीत आहे, पण आज ती वाचताना एकही चाल आठवत नाही. आठवते ते निराळेच. जमीन कडक होती, धसकटे पेंढ्यातून टोचत होती, आणि खर्जातल्या गिटारीचा प्रत्येक स्वर आधी जमिनीतून मांड्यांत येई, कानांत नंतर. ढोलाचा शेवटचा ठोका डोंगरावर जाऊन परत येई. तो इतक्या उशिरा येई की दरवेळी वाटे, पलीकडे आणखी कोणीतरी वाजवत आहे, आपल्यापेक्षा थोडे मागे. काही वेळाने लोक टाळ्या वाजवायचे थांबून त्या परत येणाऱ्या ठोक्याची वाट पाहू लागले. तो आला की मग टाळ्या.

मैत्रीण डोळे मिटून आडवी झाली होती. तिच्या केसांत पेंढ्याच्या काड्या होत्या, त्यांच्यावर माळेतला लाल, हिरवा, पिवळा उजेड आळीपाळीने येत होता.

मध्येच जनरेटर बंद पडला. दिवे गेले, कर्णे गेले. स्टेजवरचा गाणारा आणखी दोन ओळी तसाच गात राहिला. त्याचा आवाज अगदी लहान, घरातल्या माणसाचा निघाला. मग तोही थांबला. कोणी ओरडले नाही. डोळे सरावल्यावर आकाश खाली आल्यासारखे झाले. पूर्वेला घाटातून एक गाडी चढत होती. तिच्या खिडक्यांची उजळ माळ बोगद्यात शिरून नाहीशी होई आणि वर, जिथे ती असेल असे वाटत नव्हते तिथे, पुन्हा निघे. आणि डोंगराच्या पायथ्याशी, लांब लांब, आगीच्या तीन बारीक रेघा होत्या. पाहात असताना त्या हलत नसत. नजर काढून पुन्हा पाहिले की बोटभर सरकलेल्या असत.

"रोषणाई केलीय आपल्यासाठी," मैत्रीण म्हणाली.

आमच्या पुढे बसलेला चष्मेवाला मागे वळला. "वणवा असणार."

"वणवा असा ओळीत चालतो?"

"शिस्तीचा वणवा आहे. कर्जत तालुक्यातला."

आजूबाजूचे हसले. गावातले दोन-तीन पुरुष जवळच बसले होते. त्यांना विचारता आले असते. विचारले नाही. जनरेटर पुन्हा सुरू झाला, गाणाऱ्याने सोडलेली ओळ तिथूनच उचलली, आणि त्या रेघा दिव्यांच्या झगमगाटात दिसेनाशा झाल्या.

कार्यक्रम संपल्यावर झोपायला जागा शोधणे सुरू झाले. खालचा पेंढा तुडवून ओला झाला होता. त्यावर लिंबू-सोडा सांडला होता, सिगारेटींची थोटके पडली होती. आम्ही दोघी आणि चष्मेवाल्याचे टोळके वरच्या अंगाला चढलो. तिथे बांधाला लागून दोन खाचरे होती आणि दोन्हींवर वाळक्या पाल्याचा जाड, सारखा थर नीट कडेला कड मिळवून पसरलेला होता. पाय ठेवला की घोट्यापर्यंत आत जाई.

"गादी घातलीय!" मैत्रीण म्हणाली.

"आयोजकांनी हे एक काम धड केलं," चष्मेवाला म्हणाला.

कडेने चार खुंट्या रोवून काथ्याची दोरी बांधली होती. आम्हाला चादरीचा आडोसा करायला दोरी हवीच होती. ती मी सोडली. एका खुंटीला गाठ घट्ट बसली होती, ती दाताने सोडवल्याचे मला आठवते. बांधाला टेकून वाळक्या फांद्यांच्या जुड्या रचून ठेवल्या होत्या. वारा गार होऊ लागला होता. मी एक जुडी उचलली, मोकळ्या जागी नेली, चष्मेवाल्याने काडी लावली. ती चांगली पेटली. मग इतर टोळकी येऊन जुड्या नेऊ लागली. जुड्या संपल्यावर पाल्याखालच्या फांद्या उपसल्या गेल्या. त्यांच्याबरोबर खालच्या गोवऱ्याही निघाल्या, आणि गोवऱ्या तर फारच छान जळतात असा शोध लागला. शेतात दहा-बारा ठिकाणी शेकोट्या झाल्या. प्रत्येकीभोवती कोणीतरी हलक्या आवाजात गात होते, आणि दोन शेकोट्यांच्या मध्ये उभे राहिले की दोन गाणी एकमेकांत मिसळून तिसरेच ऐकू येई.

मी पाल्यात पाठ टेकली. खालून उबदार, किंचित आंबूस वास येत होता. पाल्यात काहीतरी बारीक कुरकुरत होते; आपण हलल्यामुळे की पाला आपोआप बसत असल्यामुळे, कळत नव्हते. मी जितकी गाढ झोपले तितकी नंतर क्वचितच झोपले असेन.

उजाडता उजाडता जाग आली ती माणसाच्या आवाजाने.

"उठा गं पोरींनो. पाय काढा राबातनं."

ती ओरडत नव्हती. बांधावर उभी होती, आदल्या संध्याकाळची थोरली जाऊ. हातात पाटी होती. शेजारी धाकटी. आम्ही उठलो तसे आमच्या अंगांचे आकार पाल्यात उमटलेले दिसले. एका खाचराचा पाला जागच्या जागी होता, नुसता दबलेला. दुसऱ्याचा निम्म्याहून अधिक भाग उघडा पडला होता आणि तिथे माती, गोवऱ्यांचा चुरा आणि ओढून नेलेल्या फांद्यांचे माग होते. ती त्या उघड्या जागेवरून चालली, मग खाली शेकोट्यांकडे गेली. प्रत्येक राखेपाशी ती थांबे, पायाच्या अंगठ्याने जरा उकरी, पुढे जाई.

तिचा मुलगा धावत आला. तो खोपोलीच्या एका कारखान्यात पाळीवर जाई. शेत कार्यक्रमाला त्यानेच दिले होते.

"वावर दिलं म्हनलास," ती त्याला म्हणाली. "राब दिला म्हनला नव्हतास."

"आये, दोरी बांधली होती मी. चारी बाजूनं."

"कुठं हाय दोरी?"

त्याने इकडेतिकडे पाहिले. आमची चादर दोरीवर होती. मी ती सोडून दोरी गुंडाळून त्याच्या हातात दिली. मी काय बोलले ते वहीत नाही.

"आम्हाला वाटलं, झोपायला घातलंय," मैत्रीण म्हणाली.

धाकटी जाऊ भडकली. "झोपायला? शेनावर? मुंबईला शेनावर झोपत्यात का गं?"

"खाली शेण होतं हे..."

"वास नाय आला?"

"आला," मैत्रीण म्हणाली. "बरा वाटला."

थोरली बांधावर बसली आणि आमच्याकडे न पाहता, डोंगराकडे पाहात बोलू लागली. पावसाळ्यापासून शेण राखले. दिवाळी झाल्यावर टहाळ, म्हणजे पानांसकट फांद्या, तोडायला सुरुवात केली, ऐनाचा आणि किंजळाचा, दोघींनी, एक दिवसाआड एक भारा डोक्यावरून. पाला शिमग्यापर्यंत झाडून आणला. सोमवारी वर माती टाकायची होती आणि वारा पडला की भाजायचे होते. दोन खाचरांचा राब भाजला तर सगळ्या शेताला पुरेल एवढे रोप होते. एकच भाजला तर अर्धे शेत पडीक राहणार. न भाजलेल्या जमिनीत बी पेरले तर उगवते, पण त्याच्याबरोबर गवत उगवते आणि रोप त्याच्यात गुदमरते.

"आणखी टहाळ..." चष्मेवाला म्हणाला.

"कुठला? बघ की वर." तिने हनुवटीने डोंगर दाखवला. छाटलेली झाडे उन्हात उभी होती. "हाय का पान? आता पाऊस पडल्यावर पालवी. तवा काय करू त्याचं, वेनीत घालू?"

आयोजकांपैकी एकजण टेंपोतून झोपेतला उठून आला होता. तो म्हणाला, "मावशी, नुकसानभरपाई देऊ. काय असेल ते सांगा."

"आन् ती काय खाचरात पसरू?"

सूर्य घाटाच्या कड्यावर आला होता. खोपोलीहून येणारी सकाळची गाडी पकडायला बरेच जण निघाले होते. वळकट्यांची रांग स्टेशनच्या वाटेला लागली होती. आम्हीही जाऊ शकलो असतो. मैत्रिणीने आपली पिशवी उचलली होती, ती तिने खाली ठेवली.

थोरली उठली ती घरी जायला. खालच्या अंगाने जाताना ती आचाऱ्याच्या चुलाण्यापाशी थबकली. तिथे आदल्या संध्याकाळच्या पत्रावळी टाकल्या होत्या. ढीग कमरेच्या वर होता. दोन कुत्री त्यात तोंड घालत होती. तिने एक पत्रावळ उचलली, उलटी केली, बोटांनी चुरून पाहिली. शिवताना बांबूची चोय टोचलेल्या जागी ती कडकन मोडली.

"ह्या कुनाच्या?"

"कुणाच्या नाहीत," आयोजक म्हणाला. "टाकायच्या आहेत."

"पळसाच्या हायत. जळतील."

धाकटी मागून आली होती. "अगं बाय, उष्ट्या हायत त्या! कोन कोन जेवलंय, कुठली कुठली. उष्ट्यावर बी पेरनार?"

"भाजल्यावर कुठलं ऱ्हातंय उष्टं?"

"देवाला काय सांगशील?"

"सांगंन, पावनं जेवून गेले." ती आमच्याकडे वळली. "काय बघतायसा? उचला. ऊन चढलं की वारा सुटतो. मग उरलेला पाला बी उडून जाईल. त्याच्या आत भाजायला हवं."

किती जण थांबले ते मी मोजले नाही. चाळीसच्या आसपास असावेत. चादरींत भरून पत्रावळी वर नेल्या. पहिल्या खेपा ढिगाने ओतल्या गेल्या, तेव्हा थोरली खाचरात उतरली.

"असा गोळा नको. भडका होतो, खालची माती भाजत नाय. इस्कट. पंगत मांडतात ना, तशी मांड. एकीला एक लागून."

मग आम्ही पंगत मांडली. ओळीने, एकीला एक लावून, ओणवे होऊन मागे मागे सरकत. शेवटच्या बँडचा ढोल वाजवणारा माझ्या शेजारच्या ओळीत होता. पाठीपर्यंत केस, हातात तांब्याचे कडे. त्याला मराठी तोडके येत होते, पण पंगत हा शब्द येत होता. तो प्रत्येक पत्रावळ ठेवताना खालच्या आवाजात "सावकाश होऊ द्या" म्हणत होता. आचाऱ्याकडून ऐकलेले. चौथ्या-पाचव्या ओळीला आणखी काही जण तसे म्हणू लागले. कोणी हसत नव्हते. डोके खाली, ऊन पाठीवर, आणि त्या एका वाक्याचे पुटपुटणे ओळींवरून पुढे-मागे जात होते. आदल्या रात्रीचे माझ्या कानांत काही शिल्लक होते की काय, सांगता येत नाही, पण ते एका तालात होते.

पत्रावळींवर काय घालायचे हा प्रश्न निघाला. मुलाने खालच्या पेंढ्याकडे बोट केले. ती म्हणाली, "तो गुरांचा हाय." मग स्वतः जाऊन पाहून आली. तुडवलेला, लिंबू-सोड्याने चिकटलेला पेंढा तिने बाजूला काढायला लावला. तो गुरे तोंडात धरणार नाहीत, म्हणून पत्रावळींवर तोच पसरला. कोरडा पेंढा तिने पेंढी-पेंढी करून घरी पाठवला. एकाने कार्यक्रमाची मोठी जाड कागदाची जाहिरात आणली. "कागद नको. राख उडून जाते." शेवटी बांधाकडची बारीक माती घमेल्यांनी दोन्ही खाचरांवर विखुरली.

काम झाल्यावर ढोलवाला रिकामे घमेले पालथे घालून बसला आणि बोटांनी हळूच वाजवू लागला. धाकटी त्याच्याकडे बघत म्हणाली, "रातीचा तूच का रं तो?"

"हो."

"मंग ते घमेलं ठेव खाली. पोचा पाडशील."

थोरलीने मुलाला बिडी पेटवायला सांगितले. त्याला आईसमोर बिडी ओढायची सवय नव्हती, तो लाजला. "वड की. मला वारा बघायचाय." धूर स्टेशनच्या दिशेने गेला. तेव्हा ती त्याच अंगाला, म्हणजे वारा जिकडे जात होता त्या कडेला गेली आणि तिथे पेंढ्याची चूड लावली. आग वाऱ्याच्या विरुद्ध चालली पाहिजे, म्हणजे सावकाश जाते आणि जमीन भाजते, हे तिच्या मुलाने आम्हाला सांगितले.

आग रेघेने चालू लागली. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एक बारीक नारिंगी रेघ, जवळजवळ सरळ. उन्हात तिची ज्योत दिसत नव्हती, तिच्यामागे हवा थरथरत होती तेवढेच. पाहात असताना ती हलत नव्हती. मैत्रिणीने माझा हात धरला. तिनेही रात्रीच्या रेघा ओळखल्या होत्या. आम्ही दोघींनी एकदम डोंगराच्या पायथ्याकडे पाहिले. तिथे आता तीन काळे पट्टे होते.

तासभर आम्ही बांधावर बसून होतो. निळसर धूर जमिनीलगत लोळत खालच्या शेतात उतरला आणि टेंपोंच्या चाकांभोवती साचला. वास शेणाचा, पळसाचा आणि मधूनच वरणाचा. पश्चिमेच्या कोपऱ्यात पेंढा जास्त पडला होता, तिथे एकदम भडका झाला आणि पुढच्या क्षणी विझला. थोरली तिथे जाऊन राखेवर तळवा ठेवून आली.

"हितं गवत येनार," ती म्हणाली. मी विचारले, रोप पुरेल का. ती म्हणाली, "मिरगाला बी टाकू. मंग कळंल."

आम्ही दुपारच्या गाडीने निघालो. मंगळवारी चौथ्या पानावर चार ओळी आल्या: कुठे, कोणते वाद्यवृंद, सुमारे किती श्रोते. शेवटचे वाक्य 'कार्यक्रम शांततेत पार पडला' हे होते. ते मीच लिहिले होते.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात सुट्टीच्या दिवशी मी पळसदरीला एकटी गेले. घरी या वेळी खरे सांगितले होते. पाऊस थांबून थांबून पडत होता. वाटेवरची छाटलेली झाडे ओळखू आली नाहीत. प्रत्येकाला गच्च पालवी होती. शेतात लावणी चालू होती. थोरली, धाकटी आणि आणखी तिघीजणी ओणव्या होऊन मागे मागे सरकत होत्या. धाकटीने मला आधी ओळखले.

"आली गं, शेनावर झोपनारी."

मी वरच्या खाचरांपाशी गेले. पाल्याच्या राबाचे खाचर रिकामे झाले होते. तिथले रोप उपटून लावून झाले होते. पत्रावळींच्या खाचरात अजून थोडे उभे होते. ते पहिल्याहून आखूड होते, असे थोरली म्हणाली. मला तुलना करायला दुसरे उरले नव्हते. पश्चिमेचा कोपरा पिवळा होता. तो तिने दोनदा निंदला होता.

"पुरलं का?" मी विचारले.

तिने हनुवटीने खाली दाखवले. सगळे शेत हिरवे झाले होते, एक खाचर सोडून. सर्वांत खालचे, जिथे टेंपो उभे होते ते. चाकांनी दाबलेली जमीन नांगराला नीट फुटली नाही, म्हणून ते शेवटी ठेवले होते. त्यात नुसता चिखल होता. वरच्या तुकड्यात उरलेले रोप आणि खालची मोकळी जागा यांच्याकडे मी आळीपाळीने पाहिले. मला अंदाज येईना.

मी साडी खोचून चिखलात उतरले. लावता येत नव्हते, म्हणून मला रोपाच्या मुठी पोचवायचे काम दिले. मुठी बांधावरून अंतरा-अंतराने फेकायच्या. बाया सरकत तिथवर येतात तेव्हा मूठ हाताशी असली पाहिजे. माझ्या पहिल्या दोन मुठी चिखलात बुडाल्या.

"हळू फेक गं. पंगतीत वाढत्यात तशी."

पिवळ्या कोपऱ्यातले रोपही उपटले. धाकटीने त्यातले बारीक बारीक बाजूला काढायला सुरुवात केली, थोरलीने ते परत मुठीत घातले. खाचराच्या दोन कडांना अजून हातभर रुंदीच्या पट्ट्या राहिल्या होत्या आणि बांधावर तीन मुठी होत्या. बाया दोन ओळी जरा विरळ लावत आल्या. पाऊस पुन्हा आला. कोणी थांबले नाही. तिसरी मूठ मी हातातच नेऊन थोरलीला दिली.

चार वाजून गेल्यावर शेवटचे रोप लागले. टेंपो जिथे उभे होते त्या खाचरात मोकळी जागा राहिली नाही.